मजकूर मिळतो, सनद मिळत नाही

लिहिणाऱ्याने एआय वापरावे की वापरू नये, या वादात आता फारसा अर्थ उरलेला नाही. वापरणारे वापरतच आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतर दोन-तीन वर्षांत आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर पाठ टाचणापासून निरोप समारंभाच्या भाषणापर्यंत सगळे तिथूनच येऊ लागले. ईदच्या आणि दिवाळीच्या शुभेच्छांबद्दल तर विचारूच नका. साहित्याच्या कार्यक्रमांत मात्र अजून कोणी उघडपणे कबूल करत नाही. ‘मी नाही बुवा त्या भानगडीत पडत’ असे ठासून सांगणाऱ्याच्या लेखात तिसऱ्याच ओळीला ‘आई ही केवळ व्यक्ती नसून ती एक भावना आहे’ असले वाक्य भेटते आणि आपण समजायचे ते समजतो.

मी वापरते. उर्दू आणि मराठी या दोन भाषा शाळेत शिकवते, दोन्हींतून थोडेफार लिहिते आणि उर्दूतून मराठीत अनुवाद करते. यातल्या प्रत्येक कामात या यंत्राशी संबंध येतो. कशासाठी वापरते, कुठे थांबते आणि का थांबते, हे आज लिहिणार आहे. मराठी मुसलमान लेखकाने याबाबतीत इतरांपेक्षा जास्त सावध राहिले पाहिजे असे माझे मत आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

आधी फायद्याचे बोलते. माझे हस्ताक्षर चांगले आहे, पण टंकलेखनाचा वेग यथातथाच. आता मी बोलते आणि मजकूर पडद्यावर उमटतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका यंत्र दाखवून देते, त्यातल्या निम्म्या मान्य करते, निम्म्या करत नाही. शासन निर्णयाची बारा पाने आली की त्यातले माझ्या शाळेशी संबंधित चार मुद्दे कोणते हे विचारते आणि मग ती पाने स्वतः उघडून खात्री करते. लेख लिहून झाला की ‘या लेखावर कडक टीकाकार कोणते प्रश्न विचारेल?’ असे विचारते. दहापैकी सात प्रश्न बाळबोध असतात, पण उरलेल्या तिनांतला एखादा खरेच अडवतो. तेवढ्यासाठीही ते कामाचे आहे.

उर्दूच्या जुन्या छापील पानाचा फोटो दिला तर यंत्र ते वाचून देवनागरीत उतरवून देते. पूर्वी या कामात माझे आठवडे जायचे. पण इथेच पहिली सावधगिरी लागते. उर्दू लिपीत ‘खुदा’ आणि ‘जुदा’ यांत फक्त एका टिंबाचा फरक आहे, टिंब वर की खाली एवढाच. ‘इस’ आणि ‘उस’ एकसारखेच लिहिले जातात. ‘मैं’ आणि ‘में’ यांचेही तेच. वाचणारा संदर्भाने ओळखतो. शिळाछापाची शाई पुसट झालेली असेल तर यंत्र त्या जागी बसेल असा एखादा शब्द स्वतःहून घालते आणि तसे केल्याचे सांगतही नाही. विद्यार्थ्याला शब्द लागला नाही तर तो अडखळतो, आणि अडखळला की आपल्याला कळते. यंत्र अडखळत नाही. म्हणून मूळ पान शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही.

अनुवादात तर मजाच आहे. उर्दू आणि मराठीत शेकडो शब्द सारखे आहेत, फारसी-अरबीतून दोघींकडे आलेले. पण मराठीच्या अंगणात वाढलेल्या शब्दांनी आपापला अर्थ बदलून घेतला आहे. उर्दूत ‘दाखला’ म्हणजे प्रवेश, मराठीत प्रमाणपत्र. ‘बच्ची का दाखला हो गया’ याचे ‘मुलीचा दाखला झाला’ असे केले तर मुलगी शाळेत गेली की शाळेतून गेली, तेच कळत नाही. उर्दूत ‘खुलासा’ म्हणजे सारांश, मराठीत स्पष्टीकरण. उर्दूत ‘राजीनामा’ म्हणजे दोन्ही पक्षांनी राजी होऊन केलेली तडजोड, मराठीत नोकरी सोडल्याचे पत्र. ‘शिकस्त’ म्हणजे तिकडे पराभव, इकडे प्रयत्नांची पराकाष्ठा. ‘जमात’ म्हणजे तिकडे वर्गसुद्धा. आमच्या शाळेत ‘पाँचवीं जमात’ रोज भरते आणि तिचा आदिवासी जमातींशी काही संबंध नाही. यंत्राच्या अनुवादात हे शब्द जसेच्या तसे उतरतात, कारण दोन्हीकडे ते रुळलेले आहेत आणि वाक्य ऐकायला छान लागते. छान लागणारे चुकीचे वाक्य पकडणे सर्वांत अवघड असते. त्यासाठी मोल्सवर्थ हाताशी ठेवावा. १८५७ ची त्याची दुसरी आवृत्ती इंटरनेटवर फुकट पाहता येते आणि शब्द अरबी की फारसी तेही तिथे नोंदलेले आहे. माधव जूलियन यांचा १९२५ चा ‘फार्शी-मराठी कोश’ आहे, श्रीपाद जोशींचे उर्दू-मराठी कोशाचे काम आहे. ही माणसे कार्डावर शब्द लिहून वर्षानुवर्षे बसली, तेव्हा कुठे आपल्याला आज यंत्राची चूक दाखवता येते.

शब्दकोशात नसलेलेही बरेच असते. उर्दू कथेतला मुलगा ‘अम्मी, आप’ म्हणतो. यंत्र त्याचे ‘आई, तुम्ही’ करते. मराठी घरात आईला ‘तू’ म्हणतात, त्यामुळे ते वाक्य परके वाटते. ‘आई, तू’ केले तर मराठी घर उभे राहते, पण ते घर कथेतले राहत नाही. मी ‘अम्मी, तुम्ही’ ठेवते. मराठी वाचकाला क्षणभर वेगळे वाटले तरी चालेल, त्या घरात तशीच रीत आहे. हा निर्णय भाषेचा आहे तसा माणसांचाही आहे आणि तो मला घ्यावा लागतो.

दखनीची गोष्ट याहून अवघड. सोलापुरात आम्ही घरी जे बोलतो ते दिल्ली-लखनौचे उर्दू नव्हे. त्यात ‘नक्को’ आहे, ‘कायकू’ आहे, ‘मैंच’ आणि ‘वोच’ आहे. हा ‘च’ मराठीने दिलेला आणि ‘नक्को’ही मराठीचाच. एका कथेत मी आजीच्या तोंडी ही भाषा घातली होती. शुद्धलेखन तपासायला दिले, तर यंत्राने आजीला सुधारून टाकले. ‘नक्को’चे ‘नहीं चाहिए’ झाले, ‘कायकू’चे ‘क्यों’. नम्रपणे वर पुस्तीही जोडली की भाषेतील त्रुटी दूर केल्या आहेत! आमच्या बोलीला त्रुटी म्हणणारी माणसे मला आयुष्यात पुष्कळ भेटली आहेत, दोन्ही भाषांच्या स्टाफरूममध्ये भेटली आहेत. यंत्र त्यांच्याच लिखाणावर वाढलेले आहे. आजीचे सगळे शब्द परत जागेवर ठेवले आणि तेव्हापासून संवाद तपासायला देत नाही.

आता मुख्य मुद्दा.

आमच्या जिल्ह्यात एक शिक्षक होऊन गेले. उर्दू आणि मराठी दोन्हींतून कविता करीत. एका स्मरणिकेसाठी त्यांच्यावर लिहायचे होते. त्यांच्या घरी जायच्या आदल्या रात्री, यंत्राला काय माहीत आहे ते पाहावे म्हणून त्यांचे नाव-गाव टाकले. क्षणात चार परिच्छेद आले. जन्मसाल, दोन कवितासंग्रहांची नावे, एक पुरस्कार आणि ‘त्यांच्या कवितेवर सूफी परंपरेचा गाढ प्रभाव’. वाचायला सुरेख. त्यातले काहीही मी कधी ऐकलेले नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीसमोर ते कागद ठेवले. आपांनी चष्मा लावून सगळे वाचले आणि हसल्या.

“मॅडम, अब्बांचं पुस्तक निघालं असतं तर अम्मीने पूर्ण मोहल्ल्यात मिठाई वाटली असती.”

पुस्तक निघालेच नव्हते. पैसे जमले नाहीत. दोनदा जमत आले, एकदा मुलीच्या लग्नात गेले आणि एकदा आजारपणात. राहिल्या त्या दोन वह्या, त्यांतली एक जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांची. पुरस्कार नव्हता. सूफी परंपरा म्हणाल तर कवितांत गिरणीचा भोंगा आहे, तिसरी पाळी आहे, बंद पडलेल्या गिरणीचे फाटक आहे. नाव मुसलमानी आणि माणूस कवी, म्हणजे सूफी असणारच, असे यंत्राने परस्पर ठरवून टाकले होते.

हे चार परिच्छेद स्मरणिकेत छापले गेले असते तर काय झाले असते? एखाद्या विद्यार्थ्याने त्यांचा संदर्भ दिला असता. कोणीतरी ती स्मरणिका इंटरनेटवर चढवली असती. पुढच्या वेळी यंत्राने तेच अधिक आत्मविश्वासाने सांगितले असते. आणि सर्वांत वाईट म्हणजे, आयुष्यभर लिहूनही या माणसाचे एक पुस्तक निघू शकले नाही, ही त्यांच्याबद्दलची सर्वांत खरी गोष्ट त्या दोन खोट्या पुस्तकांखाली गाडली गेली असती.

अशा बनावट पुस्तकांचे प्रकार मोठ्या देशांतही घडले आहेत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वात नसलेले खटले न्यायालयात दाखल केले आणि त्यांना व त्यांच्या फर्मला पाच हजार डॉलरचा दंड झाला. मे २०२५ मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’च्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या पंधरा पुस्तकांची यादी आली. त्यातली दहा पुस्तके कोणी लिहिलेलीच नव्हती. लेखकांची नावे खरी, पुस्तके खोटी. पण तिथे लवकरच बोभाटा झाला, कारण त्या लेखकांना ओळखणारे, त्यांची पुस्तके मोजणारे वाचक हजारोंनी आहेत. गालिबच्या नावावर खोटा शेर खपवला तरी पकडणारे आहेत आणि रेख्तासारखे संकेतस्थळही हाताशी आहे. तरीसुद्धा वादळाला न घाबरणाऱ्या गरुडाचा तो प्रसिद्ध शेर आजही प्रत्येक शाळेच्या स्नेहसंमेलनात इक्बालच्या नावावर ऐकू येतो. तो सय्यद सादिक हुसैन यांचा आहे. ही चूक तर यंत्राच्याही आधीची.

मग ज्यांच्याबद्दल लिहिलेच थोडे गेले आहे, त्यांचे काय? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांपासून धरले तर मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानांची परंपरा काही शतकांची आहे. त्यांच्या ‘योगसंग्राम’ची नोंद वाङ्मयेतिहासात सापडते. पण नंतरच्या तालुक्या-तालुक्यांतल्या कवींची, शाहिरांची, नियतकालिके चालवणाऱ्यांची नोंद कुठे आहे? पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० मध्ये सोलापुरात झाले, तेव्हाची कितीतरी कागदपत्रे अजून लोकांच्या ट्रंकांत पडून असतील. यंत्राजवळ माहिती नसली की ते गप्प बसत नाही, रचून सांगते. म्हणून जिथे नोंद कमी तिथे त्याची थाप जास्त. आणि ती पकडणारेही तिथे कमीच. आपला धोका वेगळा म्हणते तो यासाठी.

आपल्याकडे यावर एक जुनी शिस्त आहे. हदीस शिकताना दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात, मतन आणि सनद. मतन म्हणजे मजकूर. सनद म्हणजे तो कोणी कोणाकडून ऐकला, त्याची साखळी. मजकूर कितीही सुंदर असो, साखळीतला एक माणूस बेभरवशाचा निघाला की हदीस जईफ ठरते. सांगणारा खोटे रचणारा होता असे दिसले तर ती रचलेली, म्हणजे मौजू. इमाम बुखारींसारख्या लोकांनी त्यासाठी गावोगावी प्रवास केला, सांगणाऱ्यांची चारित्र्ये तपासली. मजकूर पटतो म्हणून स्वीकारायचा नाही, हा त्यामागचा नियम आहे.

यंत्र आपल्याला नुसते मतन देते. सनद मागितली तर तीही मागणीप्रमाणे तयार करून देते, लेखकाचे नाव, प्रकाशक, पान क्रमांकासह! म्हणून मी एक सोपा नियम केला आहे. यंत्राने सांगितलेले नाव, साल, आकडा किंवा उद्धरण माझ्या लेखात येणार असेल, तर ते यंत्राबाहेर कुठेतरी माझ्या डोळ्यांनी पाहिलेले असले पाहिजे. पुस्तकात, वहीत, कोशात किंवा सांगणाऱ्या माणसाच्या तोंडून. सापडले नाही तर ते वाक्य काढून टाकायचे. लेख दोन ओळींनी लहान होतो, एवढेच.

दुसरा नियम अमानतीचा. लिहिणाऱ्याकडे लोक विश्वासाने बोलतात. तलाकच्या प्रकरणात अडकलेली बाई आपली कहाणी सांगते, दंगलीत दुकान गेलेला माणूस सांगतो, विद्यार्थी निबंधात घरातले भांडण लिहितो. ही माणसे माझ्याशी बोललेली असतात. त्यांचा मजकूर यंत्रात टाकून ‘याचे छान लेखात रूपांतर कर’ म्हणणे म्हणजे ठेव म्हणून दिलेली वस्तू न विचारता तिसऱ्याच्या हाती देणे. तिथून ती कुठे साठवली जाते, कोण वाचते, यावर माझा ताबा राहत नाही. मुलांच्या बाबतीत तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही पालकांच्या संमतीची अट घातलेली आहे. पण कायदा नसता तरी शिक्षकाला हे कळायला हवे. मी नावे काढून टाकते असे काही सहकारी म्हणतात. लहान गावात नाव काढले तरी गल्ली ओळखते.

तिसरी गोष्ट वर्गातली आहे. नववीच्या एका मुलीने ‘माझी आजी’ हा निबंध मोबाइलवरून उतरवून आणला. आजी तुळशीवृंदावनाला पाणी घालते, नऊवारी नेसते, देवघरात दिवा लावते. मुलगी मुसलमान. मी काही बोलले नाही, फक्त “ही कोणाची आजी गं?” असे विचारले. वर्ग हसला, तीही हसली. घरी जाऊन तिने यंत्राला ‘मुस्लिम आजी’ सांगितले असावे, कारण दुसऱ्या दिवशीच्या आजीच्या डोळ्यांत सुरमा होता, हातात तसबीह होती आणि स्वयंपाकघरात बिर्याणी. मग तिला समोर बसवून नानीबद्दल विचारले. नानी विड्या वळायच्या. एका बैठकीत किती व्हायच्या, धागा कोणत्या बोटावर गुंडाळायच्या, कारखान्यात माल नाकारला की घरी येऊन कोणाशी बोलायच्या नाहीत, हे सगळे त्या मुलीला माहीत होते. “टीचर, हे निबंधात चालतं?” तिने विचारले. तिच्या निबंधात शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. त्या आम्ही दोघींनी मिळून दुरुस्त केल्या.

पहिली आजी काय आणि दुसरी काय, दोघी सरासरीच्या आजी होत्या. यंत्र सरासरी चांगली काढते. ज्याचे घर सरासरीत बसते त्याला ते निदान ओळखीचे तरी वाटते. आमच्या मुलांना मात्र एकदा घरातून बाहेर काढले जाते आणि एकदा कॅलेंडरावरच्या चित्रात बसवले जाते. विडी वळणारी नानी लिहायची असेल तर ती नातीलाच लिहावी लागेल.

राहिला प्रश्न सांगण्याचा. जपानच्या लेखिका री कुदान यांना जानेवारी २०२४ मध्ये अकुतागावा पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी स्वतःहून सांगितले की कादंबरीचा काही थोडा भाग एआयच्या मदतीने आला आहे. बरीच चर्चा झाली. पुरस्कार त्यांच्याकडेच राहिला. मला त्यातले उघड सांगणे आवडले. मी संपादकांना लेख पाठवताना खाली एक ओळ लिहिते, ‘टंकलेखन आणि शुद्धलेखनासाठी एआयची मदत घेतली आहे, मजकूर व संदर्भ माझे.’ अनुवादाचा पहिला खर्डा यंत्राचा असेल तर तेही लिहिते. एका संपादकांनी फोन करून “हे छापायलाच हवं का?” असे विचारले. मी म्हटले, छापू नका हवे तर, पण तुम्हाला माहीत असू द्या. पुढे काही चुकले तर विचारणा माझ्याकडे यायला हवी. यंत्र खुलासा देत नाही, मराठीतला नाही.

आपांकडच्या त्या दोन वह्यांचे काम सध्या चालू आहे. पानांचे फोटो काढतो, यंत्र वाचते, मी देवनागरी उतारा मोठ्याने वाचते आणि आपा समोर वही धरून ‘हं’ म्हणतात किंवा थांबवतात. जो शब्द आम्हा दोघींनाही लागत नाही तिथे कंसात प्रश्नचिन्ह ठेवतो आणि तसेच ठेवून छापणार आहोत. दोन महिन्यांत चाळीस कविता झाल्या. यंत्राशिवाय वर्ष लागले असते, हे मान्य करायला मला काही अडचण नाही.

वाचकांकडे एक मागणे आहे. तुमच्या घरात, मोहल्ल्यात, गावात असे कोणी लिहिणारे होऊन गेले असतील तर त्यांच्याबद्दल एक पान लिहा. जन्माचे साल, गाव, काय लिहिले, छापले की नाही, वही कोणाकडे आहे आणि हे तुम्हाला कोणी सांगितले. खाली स्वतःचे नाव घाला. भाषा साधी असू द्या, दखनी आली तरी चालेल. ते पान कुठे ना कुठे छापून आणा, नाहीतर शाळेच्या वाचनालयात ठेवा. पुढे कोणी विचारेल तेव्हा दाखवायला काहीतरी हवे.